एक्केचाळीस वेळा पड

१

कपाटाला कुलूप होतं, कुलूप शाबूत होतं, आणि आतली सदतीस नंबरची फाइल गायब होती.

पट्टीबाईंनी तिसऱ्या कप्प्यात हात घालून पाहिलं. छत्तीस होती, अडतीस होती. मधल्या जागेत कोणीतरी कोऱ्या कागदांचा गठ्ठा उभा करून ठेवला होता, शेजारच्या फाइली कलंडू नयेत म्हणून. म्हणजे चोर आला आणि जाताना आवराआवर करून गेला. बाईंनी गठ्ठा उलटसुलट करून पाहिला, होता तसा ठेवला आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली. एरवी बाई मोठ्या देवभोळ्या. तोंडून वावगा शब्द गेला की लगेच देवाची क्षमा मागायच्या. त्या दिवशी मागायची राहून गेली.

पट्टीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जिल्ह्याच्या कचेरीत त्या चौकशी अधिकारी होत्या. कोणताही कागद वाचताना ओळीखाली लाकडी पट्टी धरायची आणि ओळ पुरती वाचून झाल्याशिवाय ती खाली सरकवायची नाही, ही त्यांची पंचवीस वर्षांची खोड. पहिल्यांदा लोक हसले, मग नाव ठेवलं, मग घाबरायला लागले.

प्रकरण असं होतं. दीड-दोन महिन्यांपूर्वी वादळ झालं आणि तालुक्यातली उभी पिकं झोपली. सरकारने मदत जाहीर केली. पाहणी झाली, अर्ज भरले गेले, त्यांवरून यादी बनली, यादी वर गेली. आणि यादी वाचून खालच्या वस्तीतली माणसं जागच्या जागी बसली. त्यांच्या एक्केचाळीस शेतांपुढे एकच शब्द होता, एक्केचाळीस वेळा: पड. सरकारी भाषेत पड म्हणजे त्या हंगामात पेरलीच नाही अशी जमीन. पेरलंच नाही तर नुकसान कसलं? मदत शून्य.

यादी दुरुस्त करता येत होती, पण शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि तीसुद्धा मूळ अर्ज दाखवून. ते अर्ज होते सदतीस नंबरच्या फाइलीत. आज गुरुवार, सकाळचे दहा वाजले होते.

“पुन्हा पाहणी करू,” बाई म्हणाल्या.

मागे उभ्या असलेल्या हेडक्लार्कने घसा साफ केला. तो अदबीने म्हणाला, “कसली पाहणी करणार, बाई? शेतं नांगरून झाली. आता तिथे नुसती माती आहे.”

२

तालुक्याच्या कचेरीने चोर आधीच ठरवून टाकला होता. पाहणी करणारी पोर. वय चोविशीच्या आतबाहेर, नोकरीला दीड वर्ष झालेलं. तिनेच पैसे मागितले असतील, मिळाले नाहीत म्हणून ‘पड’ लिहिलं असेल, आणि बोभाटा झाल्यावर पुरावा पळवला असेल. तिला कामावरून दूर ठेवलं होतं. कचेरीची पायरी चढायची नाही, अशी ताकीद होती.

ती सापडली बापाच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होती. बाप पाना हातात घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला की माझ्या पोरीला चोर म्हणायला आल्या असाल तर पंप उचला आणि पुढच्या दुकानात जा, इथे हवा मिळणार नाही. बाईंनी त्याला सांगितलं की मी सायकलवर आलेली नाही. तो हसला नाही, पण दारातून बाजूला झाला.

पोरीने डोळे पुसले नाहीत, की गळा काढला नाही. सगळं सरळ सांगितलं. आठ दिवसांत एकशेबारा शेतं पायी फिरली. अर्जात ‘पिकाची अवस्था’ असा रकाना होता, अंगठ्याएवढ्या रुंदीचा. पहिल्या दिवशी ती त्यात ‘आडवे पडले’ असं कोंबून लिहायची. खालच्या वस्तीत पोचेपर्यंत हात दुखायला लागला होता आणि पाऊस भुरभुरत होता, तेव्हा नुसतं ‘पड.’ लिहिलं, पुढे टिंब देऊन.

“मागच्या पानावर शेरा लिहिलाय ना मी,” ती म्हणाली. “प्रत्येकाच्या. मका आडवा, कणसं चिखलात. कुणाचे किती वाफे, तेसुद्धा. पान उलटलं असतं तरी कळलं असतं.”

“एक्केचाळीस अर्जांवर?”

“चाळीस. एक जमीन खरंच पडीक होती. तिथे मी ‘पडीक’ असं पूर्ण लिहिलंय.”

बाईंची वहीवर चाललेली पेन्सिल थांबली. कुणाची, असं त्यांनी विचारलं. पोर म्हणाली, “ते अर्जावर आहे. अर्ज सापडले की दिसेल. माझ्या तोंडून एका गरिबाचं नाव कशाला काढता?” आणि हे तू कचेरीत कुणाला सांगितलंस, या प्रश्नावर ती पहिल्यांदाच चिडली. “मला कुणी काही विचारलं तर सांगणार ना? तुम्ही पहिल्या.”

बाई बाहेर पडल्या. पोर खरं बोलत होती असं त्यांचं मन सांगत होतं. पण मनाला सही करता येत नाही. आणि आळसाने शब्द अर्धा लिहिणाऱ्या मुलीलाच ती फाइल नाहीशी व्हावी असं वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं.

३

खालच्या वस्तीत बाई पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. हेडक्लार्क खोटं बोलला नव्हता. शेतं नांगरून सपाट केलेली होती. वस्तीतले वडीलधारे म्हणजे तात्या. त्यांनी ओट्यावर बसायला जागा करून दिली आणि बाईंनी काही विचारायच्या आत सांगून टाकलं की आम्ही एक्केचाळीस जण आहोत, एक्केचाळीस जणांचा मका झोपला, एक्केचाळीस जणांनी तक्रारीच्या अर्जावर सह्या केल्यात, आणि कमी-जास्त काही नाही.

न विचारता दिलेल्या उत्तरावर बाईंचा कधी विश्वास नसे. त्यांनी घराघरात जाऊन विचारलं. न्हाव्याकडे एक्केचाळीस. दूधवालीकडे एक्केचाळीस. शाळेतून घरी आलेल्या पोरीबाळीसुद्धा एक्केचाळीसच म्हणाल्या. सगळ्या वस्तीला हा एकच आकडा पाठ होता.

शेवटच्या घरात एक म्हातारी होती. तिला सगळी वस्ती मावशी म्हणे, अगदी तात्यासुद्धा, आणि तात्या तिच्याहून चार वर्षांनी मोठे. मावशीच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. तुमचा मका किती होता, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात मागून आलेले तात्या म्हणाले, “तिचाही गेला. सगळाच गेला.”

मावशीने तोंड मिटलं आणि पट्टा सारखा करत बसली.

बाईंना जे कळायचं ते कळलं. संताप आधी वस्तीवरच आला. एका खोट्याच्या मागे मी धावतेय आणि हे लोक दुसरं खोटं रचून बसलेत. पण तो संताप फार टिकला नाही. गुडघा मोडला म्हणून पेरता न आलेल्या बाईला चाळीस घरांनी आपल्या पदराआड घेतलं होतं. असं खोटं देवाच्या दरबारात कसं मोजतात, कुणास ठाऊक. सरकारी दरबारात ते खोटंच. ते तसंच वहीत लिहून ठेवायचं, एवढंच बाईंच्या हातात होतं.

जाताना त्यांनी तात्यांना एकच गोष्ट विचारली. कचेरीतल्या कुणाजवळ, चुकून, बोलण्याच्या ओघात, तुमच्यापैकी कुणी वेगळा आकडा बोललं का? तात्यांनी छातीवर हात ठेवला. “जीभ झडेल. एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस.”

वेगळा आकडा कुणी बोललं नव्हतं, हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

४

दुपारी कचेरीत तिघांशी बोलणं झालं.

पहिला ऑपरेटर. यादी संगणकावर चढवली ती त्याने. कानात तेल घातलेला माणूस जसा शांत असतो तसा हा शांत. त्याचं म्हणणं सरळ होतं. पडद्यावर अवस्थेसाठी चारच पर्याय येतात: उभे, कापलेले, कुजलेले, पड. अर्जात ‘पड’ दिसलं, त्याने ‘पड’ निवडलं. मागचं पान? मागचं पान उलटायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काम झाल्यावर, तीन तारखेला, फाइल कपाटात ठेवली. किल्ली कुठे असते, तर दारामागच्या खिळ्यावर. कुणीही घ्यावी.

“जे दिसतं तेच मी टाकतो, मॅडम,” तो म्हणाला. “डोकं लावलं की चुका होतात.”

हे वाक्य बाईंना चीड आणणारं वाटलं आणि उपयोगी पडणारंही.

मग कचेरीचे साहेब. गोड माणूस. पंखा बाईंच्या बाजूला वळवला, पाणी मागवलं, शेतकरी म्हणजे आपला प्राण असं दोनदा म्हणाले. खालची वस्ती नदीच्या अलीकडे की पलीकडे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भिंतीवर ताजी चौकट टांगलेली होती: सगळ्या जिल्ह्यात सर्वांत आधी, मुदतीच्या अकरा दिवस अगोदर, एकही दुरुस्ती न लागता यादी सादर केल्याबद्दल प्रशस्तिपत्र. साहेबांनी त्या चौकटीकडे बोट दाखवलं आणि श्रेय उदारपणे हेडक्लार्कला देऊन टाकलं.

हेडक्लार्कला कचेरीत मुदतराव म्हणत. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याची एकही मुदत चुकली नव्हती आणि त्याने तयार केलेल्या एकाही कागदाला दुरुस्तीचा शेरा लागला नव्हता. दोन महिन्यांनी निवृत्ती. बाईंनी सहज म्हटलं की मी सकाळी दहाला आले. तो म्हणाला, नऊ एक्कावन्नला. बाई म्हणाल्या, अर्ज शंभरच्या वर होते ना? तो म्हणाला, एकशेबारा. अंदाजाने बोलणं त्याच्या जिवावर येत असावं.

फाइल त्याने पाहिली होती का? छे. अर्ज मोजणं त्याचं काम, वाचणं ऑपरेटरचं. तीन तारखेनंतर त्या फाइलीला आपला हात लागलेला नाही, हे तो लिहून द्यायला तयार होता. बाईंनी कागद पुढे केला. त्याने लिहून दिलं, तारीख आणि वेळ घालून, सुंदर अक्षरात.

“पोरगी बिघडली,” कागदावर टिपकागद दाबत तो हळहळला. “वाईट वाटतं. पण नोंद तिची आहे.”

बाईंनी या प्रकरणातले सगळे जावक कागद मागून घेतले आणि त्या बाहेर व्हरांड्यात, उजेडाला, बाकावर बसल्या. एकूण अकरा कागद. पिशवीतून पट्टी काढली. सातव्या कागदावर ती थांबली आणि खाली सरकेना.

५

सातवा कागद म्हणजे पोरीच्या नावाने काढलेली खुलासा नोटीस. तारीख दहा. पट्टीच्या वर ओळ होती: खालच्या वस्तीतील चाळीस शेतांबाबत आपण ‘पड’ अशी चुकीची नोंद केली आहे.

चाळीस.

यादीत एक्केचाळीस. वस्तीच्या तक्रारीवर एक्केचाळीस सह्या. उभ्या वस्तीच्या जिभेवर एक्केचाळीस. चाळीसच चुकीच्या आणि एक बरोबर, हे सांगणारी जागा दुनियेत दोनच होत्या. एक पोरीचं तोंड, आणि तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं. दुसरी ते अर्ज. ही नोटीस ज्याने लिहिली त्याने फाइल उघडली होती, पानं उलटली होती, मागचे शेरे वाचले होते, आणि चुकीचे किती ते मोजलेही होते.

बाईंनी सहावा कागद पुन्हा हातात घेतला. तोही दहा तारखेचाच, वस्तीच्या तक्रारीला दिलेलं उत्तर: नोंदी तपासल्या असता त्या योग्य आढळल्या, सबब मदत देय नाही.

एकाच दिवशी, एकाच टेबलावरून, एकच नोंद शेतकऱ्यांना खरी म्हणून कळवली होती आणि पोरीच्या नोटिशीत खोटी ठरवली होती. शेतकऱ्यांना मदत नको म्हणून ती खरी. पोरीच्या गळ्यात अडकवायची म्हणून ती खोटी. आणि त्या दिवशी दुरुस्तीच्या मुदतीला वीस दिवस शिल्लक होते. वीस दिवस.

आता फक्त एवढंच शोधायचं उरलं होतं की नोटीस लिहिणारा हात तिघांपैकी कुणाचा.

६

शुक्रवारी सकाळी बाईंनी तिघांना साहेबांच्या खोलीत बसवलं आणि नोटीस टेबलावर ठेवली.

साहेब म्हणाले की सही माझी आहे, मजकूर ऑपरेटरचा. ऑपरेटर म्हणाला की मी फक्त टाइप केलं, मसुदा मुदतरावांचा. मुदतराव म्हणाला की मसुदा माझ्या हातचा असेल, पण तो साहेबांनी तोंडी सांगितला. मसुद्याचा कागद राहिलेला नव्हता. मसुदे टाइप झाल्यावर फाडायचे असा नियम होता.

बाईंनी नोटीस साहेबांसमोर सरकवली. “सही कुठे केलीत, बघा.”

साहेबांनी पाहिलं. त्यांनी सही केली होती ती ‘नोटीस मिळाली’ या शब्दांखाली, जिथे पोरीने करायची होती तिथे. नोटीस तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्यांचे कान लाल झाले. बाई शांतपणे म्हणाल्या की ज्या माणसाने मजकूर सांगितला तो निदान कागद कुणाकडून कुणाला चाललाय हे विसरणार नाही. साहेबांनी हा कागद वाचलेलासुद्धा नाही. हा त्यांचा गुन्हा वेगळा आहे, त्याचं पान वेगळं लिहीन.

मग पट्टी तिसऱ्या ओळीखाली गेली. तिथे ‘सदर सदर’ असं दोनदा छापलं होतं, आणि पाचव्या ओळीत एक शब्द अर्धाच होता. हा ऑपरेटर दिसेल ते टाकतो. मसुदा लिहिताना ओळ बदलली आणि शब्द दोनदा पडला, तर तो दोनदा टाइप करतो. ज्याने ‘पड’चा अर्थ लावला नाही, तो एक्केचाळीसचे चाळीस कशाला करेल? आकडा मसुद्यातून आला.

मुदतराव अजून ताठ होता. आकडा आपण वस्तीतल्या कुणाकडून तरी ऐकला असेल, असं तो म्हणाला.

“वस्ती एक्केचाळीस म्हणते,” बाई म्हणाल्या. “अख्खी वस्ती, पोराटोरांसकट. का म्हणते तेही मला ठाऊक आहे. जीभ झडली तरी त्यांनी तुम्हाला चाळीस सांगितलं नसतं. चुकून घडलंय म्हणाल, तर तसं म्हणू नका. माझ्या येण्याची वेळ तुम्ही मिनिटावर मोजलीत. तुम्ही एकने चुकत नाही.”

मुदतरावाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, “फाइल कुठे आहे? फाइलीशिवाय सगळी हवाच आहे.”

बाईंनाही रात्री हाच प्रश्न पडला होता. जाळली असेल? फाडली असेल? मग त्यांना तो कोऱ्या कागदांचा गठ्ठा आठवला होता. शेजारच्या फाइली कलंडलेल्या ज्याला बघवत नाहीत, त्याच्या हातून आवक क्रमांक पडलेला कागद फाडला जाईल? चौतीस वर्षांचं हाड ते. असा माणूस कागद मारत नाही, कागद लावतो. फक्त अशा जागी लावतो, जिथे कुणी जाणार नाही, आणि पकडला गेला तर ‘मी नियमानेच लावला’ असं म्हणता येईल.

“रेकॉर्ड रूममध्ये पड जमिनींचं दप्तर कुठे असतं?” त्यांनी विचारलं.

मुदतरावाचा चेहरा पांढरा पडला.

शेवटच्या मांडणीवर, वरून दुसऱ्या फळीवर, कापडात बांधलेला गठ्ठा. ऑपरेटरने शिडी धरली, बाईंनी स्वतः गाठ सोडली. सर्वांत खाली सदतीस नंबरची फाइल होती, एकही पान न दुमडलेली. दप्तराच्या वरच्या अनुक्रमणिकेत तिची नोंदसुद्धा केलेली होती. तारीख नऊ. सुंदर अक्षरात.

लपवतानाही माणसाचा हात नोंद केल्याशिवाय राहिला नव्हता.

७

ऑपरेटर दुपारी एकपासून पानं उलटून एकेक अर्ज दुरुस्त करत बसला. आता डोकं लावू नये असं त्याला कुणी म्हणालं नाही. साडेतीनला चाळीस नोंदींची सुधारित यादी तयार झाली. वर पाठवायला साहेबांची सही तेवढी हवी होती.

साहेबांनी दार लावून घेतलं आणि बाईंना खुर्ची दिली. गोडच बोलले. फाइल सापडली, देव पावला. तेव्हा अहवालात ‘फाइल नजरचुकीने दुसऱ्या दप्तरात लावली गेली’ एवढं लिहावं. मुदतरावांची पेन्शन दोन महिन्यांवर आहे, घरी बायको आजारी. त्यांनी एक पैसा खाल्लेला नाही, हे तर तुम्हीही मान्य कराल. आणि तुम्हाला तसं लिहायचं नसेल, तर मला सही करण्याआधी वरची परवानगी मागावी लागेल. ती सोमवारी येईल.

सोमवारी. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चाळीस घरांचा मका त्या गोड माणसाने टेबलावर तारण ठेवला होता.

“पैसे खाल्ले असते तर मला राग कमी आला असता,” बाई म्हणाल्या. “भूक समजते. हा माणूस वीस दिवस रोज इथे आला. शेतकरी याच दारात उभे होते. याने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि घरी पाठवलं. एका चौकटीसाठी.”

त्या उठल्या, दार उघडलं आणि व्हरांड्यात आल्या. खालची वस्ती सकाळपासून तिथेच बसलेली होती. तात्या, मावशी, सगळी. सायकलवाला बाप आणि त्याची लेक पायरीच्या खाली उभे होते, पायरी न चढता. बाईंनी अहवाल उघडला, पट्टी पहिल्या ओळीखाली धरली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आवाज त्यांना देवाने बरा दिला होता. ‘पड’ कसं लिहिलं गेलं ते वाचलं. कसं निवडलं गेलं ते वाचलं. नऊ तारीख वाचली, दहा तारीख वाचली, दोन्ही कागद शब्द न गाळता वाचले. एकही विशेषण त्यांनी पदरचं घातलं नाही. दहा तारखेपाशी गर्दीतून एक हुंकार उठला आणि तसाच राहिला. मग शेवटची ओळ: सुधारित यादी तीन एकतीसला तयार असून ती साहेबांच्या सहीसाठी थांबली आहे.

माना वळल्या. साहेब दारात उभे होते. चाळीस घरं त्यांच्याकडे बघत होती, ओरडत नव्हती, नुसती बघत होती. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. या वेळी त्यांनी सही योग्य जागी केली.

मग बाईंनी एकेक नाव वाचलं. चाळीस झाली. तात्या पुढे आले, हलक्या आवाजात म्हणाले की एक राहिलं, बाई. एकाने सरकारचं काय बिघडणार आहे?

ज्या सरकारने वीस दिवस चाळीस जणांना फसवलं, त्याच्या वतीने एका लंगड्या म्हातारीला नाही म्हणायची पाळी त्यांच्यावर आली होती. पण तिने मध्येच हात वर केला.

“गप रे तात्या,” मावशी म्हणाली. “सही मी तुमच्या सोबतीला केली होती, पैशाला नाही. माझा गुडघा काही वादळाने मोडला नाही. पुढच्या हंगामाला नांगर आणून दे, म्हणजे झालं.”

तात्यांनी मान खाली घातली. यादी चार चौतीसला गेली आणि पोचल्याचा निरोप चार एक्केचाळीसला आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं उठली, अंग झटकलं, मावशीला दोघींनी धरून पायऱ्या उतरवल्या.

राहिलं होतं ते संबंधितांच्या अहवालाखाली सह्या घेण्याचं. पोर आत आली. तिने पान तीन वाचलं आणि मान वर केली. “माझी चूक लिहिलीत तुम्ही.”

“केलीस ना?”

“केली. शब्द अर्धा लिहिला.”

“तेवढीच लिहिली आहे. बघ, जास्त काही नाही.”

तिने पुन्हा वाचलं, आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

मग मुदतराव. तो त्याच्या टेबलाशी बसून होता, पेन्सिली टोकदार करून रांगेत लावलेल्या. त्याने पान पाच वाचलं, दोनदा वाचलं. रडला नाही, माफीही मागितली नाही. एका शब्दावर बोट ठेवलं.

“इथे ‘लपवली’ आहे, बाई. फाइल दप्तरात होती. नोंद होती. तिथे ‘लावली’ असा शब्द पाहिजे. एवढी दुरुस्ती करा, सही करतो.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस आजही दुरुस्तीच मागत होता, आणि ती स्वतःपुरती.

“नाही,” त्या म्हणाल्या.

तो कागद तसाच परत सरकवून बसून राहिला. बाईंनी पट्टी कोऱ्या ओळीखाली धरली आणि त्याच्या नावापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं: शब्द वाचून दाखवला. सही करण्यास नकार. वेळ चार अठ्ठावन्न.